पस्तीस दिवस आणि त्यानंतर

"इथून बाहेर पडेल तेव्हा पूर्ण बरा झालेला असेल ना?"

व्यसनमुक्ती केंद्रात माणसाला दाखल करताना घरचे हा प्रश्न हमखास विचारतात. विचारणारी कधी आई असते, कधी बायको, कधी थोरला भाऊ. तोवर घरातलं सोनं गेलेलं असतं, पगार गेलेला असतो, नातेवाईकांकडे जायची सोय उरलेली नसते. शपथा घालून झालेल्या असतात, अंगारे-धुपारे झालेले असतात, 'लग्न झालं की सुधारेल' म्हणून लग्नही लावून दिलेलं असतं. इतकं सोसल्यावर त्यांना एक तारीख हवी असते, ज्या दिवशी हे सगळं संपेल.

अशी तारीख कुणी प्रामाणिक माणूस देऊ शकत नाही. केंद्रातल्या दिवसांत काय होतं, ते तसंच का करावं लागतं आणि त्या दिवसांत काय होऊ शकत नाही, हे मात्र नीट सांगता येतं. निवासी उपचाराकडून लोक एक तर चमत्काराची अपेक्षा करतात, नाहीतर एकदा अपयश आलं की 'काही उपयोग नसतो' म्हणून हात झटकतात. दोन्हीमागे एकच गैरसमज आहे: व्यसन केंद्राच्या चार भिंतींत सुटतं. तिथे व्यसनाशिवाय जगण्याचा सराव सुरू होतो. तो सराव टिकतो की मोडतो, हे गेटाबाहेर ठरतं. ज्या घराला हे दाखल करण्याच्या दिवशीच कळतं, त्या घराला उपचाराचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

शरीराची मागणी

ब्राऊन शुगर म्हणजे भेसळीचं हेरॉइन. ते ओढणाऱ्याला शेवटच्या दमानंतर साधारण आठ ते बारा तासांत त्रास सुरू होतो. नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा येतो, घाम फुटतो. मग पोटात मुरडा, उलट्या, जुलाब. हाडं ठणकतात, पाय एका जागी राहत नाहीत, झोप पार उडते. मुंबई-पुण्याकडे व्यसनात अडकलेली मुलं याला 'टर्की' म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टर्की सर्वांत जोरात असते आणि आठवडाभरात बरीचशी ओसरते. झोप मात्र पुढे कित्येक आठवडे जागेवर येत नाही.

घरी सोडायचे प्रयत्न बहुधा याच तीन दिवसांत मोडतात. एक पुडी मिळाली की हा सगळा छळ काही मिनिटांत थांबणार, हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं. अशा वेळी तो आईच्या पर्समधून पैसे काढतो, तेव्हा तिच्यावरचं त्याचं प्रेम संपलेलं नसतं. मेंदूला हेरॉइनच्या सोबतीने चालायची सवय झालेली असते. हेरॉइन काढून घेतलं की झोप, पोट, वेदना आणि मन यांचा तोल एकदम जातो.

प्रकृती एरवी ठीक असेल तर टर्की सहसा जीव घेत नाही. शरीरातलं पाणी कमी होऊ न देणं, वेदना आणि तगमग आटोक्यात ठेवणारी औषधं देणं, गरज पडल्यास ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध देऊन मात्रा हळूहळू उतरवणं, हे डॉक्टर करू शकतात. ते उपलब्ध असताना माणसाला विनाऔषध तळमळत ठेवण्यात कसलाही उपचार नाही.

दारूचं याच्या उलट आहे. कायद्याने ती मिळते म्हणून ती सोडणंही सोपं असेल असं लोकांना वाटतं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर काही तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात, ताप चढतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात मृत्यूही येतो. म्हणून अशा माणसाला घरात कोंडून 'आता बघू कसा पितो' म्हणणं धोक्याचं आहे. रुग्णालयात फिट येऊ नये म्हणून औषधं देतात, मेंदूचं नुकसान टाळण्यासाठी बी-१ जीवनसत्त्व देतात. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांची सवय लागलेल्यांनाही हाच नियम: गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करायच्या.

अलीकडे शहरांत आणि आता तालुक्यांच्या गावांतही 'एमडी' नावाने मिळणारं मेफेड्रोन पसरलं आहे. २०१५ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. ते सोडल्यावर टर्कीसारखे जुलाब-उलट्या होत नाहीत. माणूस दिवसचे दिवस झोपतो, खूप खातो, आणि मग मनावर काळोख पसरतो. कशातच रस वाटत नाही, काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, 'शांत झालाय, झोपतोय, म्हणजे बरं चाललंय.' खरं तर या दिवसांत त्याला एकटं सोडायचं नसतं.

म्हणून दाखल करताना काय घेत होता, किती, किती वर्षं आणि शेवटचं कधी, याची खरी उत्तरं डॉक्टरांना मिळायला हवीत. लाजेपोटी दडवलेली एखादी गोष्ट उपचाराची दिशाच चुकवू शकते.

शरीरातून विष उतरवण्याच्या या टप्प्याला केंद्रांत 'डीटॉक्स' म्हणतात. आठवडा-दहा दिवसांत तो संपतो. चेहऱ्यावर तजेला येतो, भूक लागते, माणूस हसून बोलू लागतो. नेमकं तेव्हाच तो म्हणतो, "मी आता ठीक आहे, मला घरी न्या." घरच्यांचंही मन विरघळतं. पण शरीराची मागणी थांबली तरी मेंदूची डागडुजी नुकतीच सुरू झालेली असते. अमेरिकेतल्या नोरा व्होल्कोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मेथॅम्फेटामिन सोडलेल्या लोकांच्या मेंदूंची चित्रं प्रसिद्ध केली. आनंद आणि प्रेरणेशी निगडित असलेल्या डोपामिनची ने-आण करणाऱ्या रचना नशेने घटल्या होत्या. त्या बऱ्याच अंशी भरून यायला नशेविना वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ गेला, आणि स्मरण आणि हालचालींच्या चाचण्यांतली सुधारणा त्याच्याही मागे रेंगाळली. दहा दिवसांचा तजेला फसवा असतो तो यामुळे.

जागा बदलण्याचं बळ आणि मर्यादा

घरापासून दूर का ठेवायचं, आणि नुसतं दूर ठेवून का भागत नाही, हे समजायला अमेरिकेतल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात.

१९३५ साली केंटकी राज्यात लेक्झिंग्टन इथे तिथल्या सरकारने हेरॉइन-मॉर्फिनच्या व्यसनींसाठी एक भली मोठी संस्था उघडली. अर्धं रुग्णालय, अर्धा तुरुंग, भोवती शेती आणि गोठे. मोकळी हवा, काम आणि सकस जेवण मिळाल्यावर माणसं धडधाकट होत. मात्र बाहेर पडल्यावर त्यांतले बहुतेक जण पुन्हा नशेकडे वळत. नंतरच्या पाहण्यांत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त आढळलं. तिथले डॉक्टर अब्राहम विकलर यांनी एक गोष्ट टिपली. कित्येक महिने नशेला न शिवलेले रुग्ण गटात बसून नशेबद्दल बोलू लागले की त्यांना जांभया येत, नाक-डोळे वाहू लागत, म्हणजे टर्कीचीच लक्षणं. जुन्या मोहल्ल्यात पाऊल ठेवल्यावरही असंच होई. विकलर यांनी याचा संबंध पावलॉव्हच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांशी जोडला. नशेशी जोडली गेलेली जागा, माणसं, वास, दिवसाची वेळ हे सगळं शरीर लक्षात ठेवतं आणि त्यांच्या नुसत्या दर्शनाने मागणी जागी होते.

दुसरी घटना व्हिएतनाम युद्धातली. १९७१ च्या सुमारास तिथल्या अमेरिकी सैनिकांमध्ये हेरॉइन इतकं पसरलं होतं की साधारण पाचांतला एक जण व्यसनात अडकला होता. हे सगळे देशात परतले की काय होईल, या धास्तीने सरकारने संशोधिका ली रॉबिन्स यांना पाहणी करायला सांगितलं. व्हिएतनाममध्ये व्यसनी झालेल्यांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले जेमतेम पाच टक्के, आणि तीन वर्षांत सुमारे बारा टक्के. त्यांतल्या बहुतेकांनी कुठलाही उपचार घेतला नव्हता. ज्या जंगलात, ज्या भीतीत, ज्या मित्रांसोबत नशा सुरू झाली ते सगळं मागे राहिलं होतं. समोर होतं घर, काम आणि हेरॉइनशी कधीच न जोडलं गेलेलं जुनं गाव.

लेक्झिंग्टनच्या रुग्णाला त्याच्या जागेपासून काही काळ दूर नेलं आणि मग तिथेच परत सोडलं. व्हिएतनामच्या सैनिकाची जागा कायमची सुटली. आपल्याकडचा रुग्ण केंद्रातून बाहेर पडतो तो पहिल्या प्रकारचा. त्याच चाळीत, त्याच नाक्यावर, त्याच मित्रांमध्ये तो परत येतो. मोडलेल्या हाडाला प्लॅस्टर घातलं म्हणजे हाड हलत नाही, पण प्लॅस्टर काढल्यावर चालायला पुन्हा शिकावंच लागतं. निवासी केंद्राचा काळ हा त्या प्लॅस्टरचा काळ आहे. चांगलं केंद्र पुढच्या चालण्याची तयारी पहिल्या दिवसापासून करून घेतं.

पुण्यात उभं राहिलेलं काम

महाराष्ट्रात ही तयारी कशी विकसित झाली, याची गोष्ट ऐंशीच्या दशकातली आहे. मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशनचं काम सुरू केलं. ते स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले आणि योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. बारा पायऱ्यांची पद्धत (तिच्याविषयी पुढे येईलच) आणि योगसाधना यांची सांगड त्यांनी घातली. कृपाचं काम पुढे गोव्यासह देशभर पसरलं.

त्याच काळात पुण्यात ब्राऊन शुगर महाविद्यालयांपासून झोपडपट्ट्यांपर्यंत पोचली होती. अनिल अवचट यांनी या मुलांमध्ये हिंडून, त्यांच्या घरच्यांशी बोलून 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये लेखमाला लिहिली. तिचं पुढे 'गर्द' हे पुस्तक झालं. ते लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि या मुलांसाठी काहीतरी करा म्हणून त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच रुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं.

डॉ. अनिता यांनी घालून दिलेली रीत माझ्या मते या क्षेत्रातलं महाराष्ट्राचं सर्वांत मोठं योगदान आहे. व्यसनी म्हणजे बिघडलेला, लबाड, फटके देऊन सरळ करायचा माणूस, अशी तेव्हा सर्रास समजूत होती. त्यांनी त्याला आजारी माणूस मानलं, शिस्त कडक ठेवली आणि शिस्तीला मायेची जोड दिली. बरे झालेले रुग्ण तिथेच समुपदेशक आणि कार्यकर्ते झाले. १९९७ साली कर्करोगाने त्यांचं निधन झालं, पण काम थांबलं नाही. पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी ते हाती घेतलं. पस्तीस दिवसांचा निवासी उपचार, रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट, व्यसनात अडकलेल्या स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग असा त्याचा विस्तार होत गेला.

दिवस कशाने भरतो

केंद्राची भाषा, नियम आणि वेळा संस्थेनुसार बदलतात, पण दिवसाचा सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. पहाटे उठणं, प्रार्थना, योगासनं किंवा व्यायाम, झाडलोट, नाश्ता, व्याख्यान, गटचर्चा, जेवण, समुपदेशकाशी बोलणं, संध्याकाळी खेळ किंवा गाणं, रात्री दिवसभराचं लिहून काढणं. हे वाचताना शाळेच्या वसतिगृहाचं वेळापत्रक वाटेल. मात्र यातल्या प्रत्येक गोष्टीमागे कारण आहे.

झाडू मारणं, भांडी घासणं, स्वतःचे कपडे धुणं हे आधी घ्या. नशेत असताना माणसाचा सगळा दिवस एकाच कामात जातो: पैसा मिळवायचा, माल मिळवायचा, घ्यायचा आणि पुन्हा पैशाच्या मागे लागायचं. जेवायची वेळ, झोपायची वेळ, कुणाला दिलेला शब्द, यांतलं काही उरत नाही. ठरलेल्या वेळी ठरलेलं छोटं काम पूर्ण करणं ही त्याच्यासाठी हरवलेली क्षमता असते. कुठलाही उपदेश न करता हे काम ती परत देऊ लागतं.

गटचर्चा हा कार्यक्रमाचा कणा. दहा-पंधरा जण गोल बसतात आणि आळीपाळीने आपलं सांगतात. केंद्रात याला 'शेअरिंग' म्हणतात. एखादा म्हणतो, "मी फक्त शनिवार-रविवारी घ्यायचो." डॉक्टरांसमोर हे वाक्य खपून जाईल. इथे समोर बसलेल्या दहा जणांनी हेच वाक्य आपापल्या घरी सांगितलेलं असतं, त्यामुळे ते टिकत नाही. आणि तेच दहा जण त्याला तुच्छ लेखत नाहीत. लपवायचं काही उरलं नाही आणि तरीही कुणी तोंड फिरवलं नाही, हा अनुभव अनेकांना वर्षानुवर्षं मिळालेला नसतो. स्वतः या वाटेने गेलेला समुपदेशक म्हणूनच मोलाचा. त्याला फसवणं अवघड, आणि त्याच्याकडे पाहून 'हे जमू शकतं' हे पटतं.

या पद्धतीचं मूळ १९३५ साली अमेरिकेत बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी सुरू केलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये आहे. १९५३ साली त्याच धर्तीवर नार्कोटिक्स ॲनॉनिमस निघालं. आपलं नियंत्रण सुटलं आहे हे मान्य करणं, ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करणं, दुसऱ्या व्यसनी माणसाला मदत करणं, अशा त्या बारा पायऱ्या आहेत. आयुष्यभर सोडायचं या विचाराने माणूस दबून जातो. म्हणून तिथे फक्त आजचा दिवस नशेविना काढायचा असतो. या सभा फुकट असतात, मुंबई-पुण्यापासून अनेक शहरांत भरतात, आणि केंद्र संपल्यावरही चालू राहतात हे त्यांचं सर्वांत मोठं बळ.

या पद्धतीला आता मानसशास्त्राची जोड मिळाली आहे. तलफ कशाने येते याची रुग्ण स्वतःच यादी करतो: पगाराचा दिवस, क्रिकेटची मॅच, बायकोशी भांडण, एखादा विशिष्ट रिक्षा स्टँड, फोनमधला एखादा नंबर. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत माणूस सर्वांत लवकर घसरतो, म्हणून त्यांवर लक्ष ठेवायला शिकवतात. तलफ लाटेसारखी चढते आणि काही वेळाने उतरते, तेवढा वेळ काय करायचं हे आधीच ठरवून ठेवायला सांगतात. जुना दोस्त दारात आला तर काय बोलायचं, याचा चक्क अभिनय करून सराव घेतात.

व्यसनाखाली दबलेलं दुखणंही याच काळात वर येतं. कुणाला नैराश्य असतं, कुणाला लहानपणी झालेल्या अत्याचाराची जखम असते, कुणाला अनेक वर्षं निदान न झालेला मानसिक आजार. सुईने नशा घेणाऱ्यांची एचआयव्ही आणि काविळीच्या विषाणूंची तपासणी गरजेची असते. यांवर उपचार न करता नुसतं व्यसन सोडवायला गेलं तर ते फार दिवस टिकत नाही.

घरच्यांचा उपचार

तो आत असताना घरात काय होतं, यावरही बरंच अवलंबून आहे. व्यसनी माणसाच्या घराने अनेक वर्षांत एक विचित्र तोल सांभाळलेला असतो. बायको ऑफिसात फोन करून 'त्यांना बरं नाही' सांगते. आई गुपचूप पैसे देते, कारण नाही दिले तर तो चोरी करेल. वडील बोलणं टाकतात. धाकटा मुलगा वयाआधी मोठा होतो. हे सगळं प्रेमापोटी, भीतीपोटी आणि अब्रूपोटी होतं. मात्र त्याच्या वागण्याचे परिणाम दुसरंच कुणीतरी झेलत राहतं आणि व्यसनाला मोकळं रान मिळतं.

म्हणून चांगल्या केंद्रात घरच्यांच्या बैठका हा उपचाराचाच भाग असतो. तिथे पहिल्यांदा त्या बाईला कळतं की नवऱ्याच्या दारूला तिचा स्वयंपाक, तिचा स्वभाव किंवा तिचं नशीब कारणीभूत नाही. कर्ज फेडणं, खोटं सांगणं, पोलीस ठाण्यातून सोडवून आणणं यांपैकी काय थांबवायचं, ते ती शिकते. मारहाण होत असेल तर स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता आधी, हेही तिला कुणीतरी स्पष्टपणे सांगावं लागतं.

परतल्यावरचा संशय हा आणखी एक अवघड विषय. तो दहा मिनिटं उशिरा आला की घर त्याचे डोळे तपासतं, खिसे चाचपतं. वर्षानुवर्षं खोटं ऐकलेल्या माणसांचा विश्वास एका महिन्यात परत येणार नाही, हे त्याला केंद्रात सांगितलेलं असतं. घरच्यांनाही सांगावं लागतं की सततच्या उलटतपासणीने तो सावरत नाही. पैशांचा व्यवहार काही महिने कोण पाहील, ठरलेल्या तारखेला लघवीची तपासणी करायची का, घसरला तर काय करायचं, हे समुपदेशकासमोर आधीच ठरलं की रोजचा संशय कमी होतो.

बाहेरचे पहिले महिने

सर्वांत धोक्याचा काळ इथून सुरू होतो, आणि एक गोष्ट प्रत्येक घराला माहीत असायलाच हवी. नशा घेत असताना शरीराला मोठ्या मात्रेची सवय झालेली असते. काही आठवडे नशेविना गेले की ती सहनशक्ती उतरते. बाहेर आल्यावर मोहाच्या एखाद्या क्षणी त्याने पूर्वीचीच मात्रा घेतली तर हेरॉइनने श्वास मंदावतो आणि थांबू शकतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे या कारणाने जीवघेणे ठरतात. माणूस निळा पडत असेल, घोरल्यासारखा आवाज येत असेल, हाकेला ओ देत नसेल, तर 'झोपू दे' म्हणू नये. लगेच रुग्णालयात न्यावं आणि डॉक्टरांना हेरॉइनचं स्पष्ट सांगावं. नालोक्झोन हे औषध वेळेत मिळालं तर माणूस वाचतो.

हेरॉइनच्या व्यसनात अनेकांना दीर्घकाळ औषध घ्यावं लागतं. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. भारतातही सरकारी केंद्रांत सुईने नशा घेणाऱ्यांना देखरेखीखाली अशी औषधं देतात. अनेक घरांना, आणि काही केंद्रांनाही, हे 'एका नशेच्या जागी दुसरी नशा' वाटतं. २००३ साली प्रसिद्ध झालेला स्वीडनमधला एक प्रयोग याला उत्तर देतो. समुपदेशन सगळ्यांना सारखंच होतं. वीस जणांना रोज ब्युप्रेनॉर्फिन मिळालं, वीस जणांना थोड्या दिवसांनी औषधाविना ठेवलं. वर्षअखेरीस पहिल्या गटातले तीन चतुर्थांश लोक उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही टिकला नव्हता, आणि त्यातल्या चौघांचा मृत्यू झाला होता. मधुमेहाच्या रुग्णाला आपण इन्सुलिन सोड म्हणत नाही. इथेही औषध कधी थांबवायचं हा निर्णय डॉक्टर आणि रुग्णाचा असावा, शेजाऱ्यांच्या बोलण्याचा नसावा. एमडीसारख्या उत्तेजक नशेवर मात्र असं पर्यायी औषध अजून नाही. तिथे समुपदेशन, नियमित तपासणी आणि नशेविना राहण्याला ठरवून दिलेलं प्रोत्साहन यांवरच भर द्यावा लागतो.

पाय घसरणं हा या आजाराच्या वाटेवरचा नेहमीचा धोका आहे. टॉमस मॅकलेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिलं की उपचारानंतर वर्षभरात पुन्हा नशेकडे वळणाऱ्यांचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के असतं, आणि रक्तदाब किंवा दमा असलेल्या रुग्णांत आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाणही त्याच आसपास आहे. रक्तदाब वाढला म्हणून आपण कुणाला घराबाहेर काढत नाही, औषध बदलतो. एकदा घेतलेला घोट आणि पुन्हा रोजचं व्यसन यांत अंतर असतं. केंद्रात पहिल्याला 'स्लिप' म्हणतात. स्लिप झाल्यावर त्याच रात्री समुपदेशकाला फोन करायचं धैर्य आलं तर ती तिथेच थांबू शकते. लाजेने लपवली तर आठवड्याभरात जुनं चक्र सुरू होतं. म्हणून घसरल्यावर हाक मारता येईल असा माणूस आणि असं ठिकाण असणं ही उपचाराची खरी कसोटी आहे.

अमेरिकेच्या व्यसनविषयक राष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एकूण नव्वद दिवसांपेक्षा कमी उपचाराचा परिणाम मर्यादित राहतो. निवासी महिना हा त्याचा एक भाग, पुढच्या महिन्यांतला पाठपुरावा हा दुसरा. मोकळा वेळ आणि हातात आलेला पैसा हे दोन्ही घातक असल्यामुळे त्याला काम मिळणंही तितकंच महत्त्वाचं. व्यसनातून सावरणाऱ्याला नोकरी देणारा मालक उपचारच करत असतो.

केंद्र निवडताना

मागणी मोठी आणि सोयी कमी असल्या की दुकानंही उघडतात. मारहाण, साखळदंड, उपाशी ठेवणं, मध्यरात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेणं, हे सगळं कुठे ना कुठे चालतं. हतबल घर त्याकडे डोळेझाक करतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित विकार मानसिक आजारांत घेतले आहेत. त्यामुळे या रुग्णालाही त्या कायद्याचं संरक्षण आहे. साखळीने बांधणं कोणत्याही स्वरूपात निषिद्ध आहे. रुग्णाच्या संमतीविना दाखल करायचं असेल तर त्याच्या प्रतिनिधीचा अर्ज, तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आणि मुदतीची मर्यादा अशी ठरलेली प्रक्रिया आहे.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातही एक मानवी कलम आहे, ६४-अ. केवळ सेवन किंवा अल्प प्रमाणातला साठा एवढाच आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला तर त्याच्यावरच्या खटल्यापासून त्याला संरक्षण मिळू शकतं, उपचार पूर्ण करण्याच्या अटीवर. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्या घरांनी हे वकिलाला जरूर विचारावं.

केंद्रात गेल्यावर हे प्रश्न सरळ विचारावेत. नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री फिट आली तर काय करता? घरच्यांना कधी भेटता येईल? शिक्षा म्हणून काय करता? औषधं कोण ठरवतं? बाहेर पडल्यावर किती महिने संपर्क ठेवता? शेवटच्या प्रश्नाला ज्यांच्याकडे उत्तर नाही, त्यांच्या हिरव्यागार बागेला भुलू नये. आणि 'शंभर टक्के हमी' असं म्हणणाऱ्याकडून तसंच परत फिरावं.

उरलेलं काम

सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. अफूपासून बनणाऱ्या पदार्थांच्या वापरामुळे मदतीची गरज असलेले देशात सुमारे ७७ लाख लोक होते. दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कुठलाही उपचार मिळाल्याचं आढळलं, आणि दाखल होऊन उपचार मिळालेला तर १८० जणांत एक. स्त्रियांसाठीची केंद्रं तर बोटांवर मोजण्याइतकी. बाईने व्यसनासाठी मदत मागितली की तिचं चारित्र्यच चर्चेला घेतलं जातं, म्हणून ती मदत मागायलाच येत नाही. ही दरी भरायला सरकारी आणि स्वयंसेवी केंद्रांची संख्या वाढायला हवी, तालुक्याच्या रुग्णालयातही डीटॉक्सची सोय हवी, आणि बाहेर पडलेल्या माणसाचा पाठपुरावा करणारी माणसं पगारावर हवीत.

तोवर ज्यांच्या घरात आज हे दुखणं आहे त्यांच्यासाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६. फोन करायला तो स्वतः तयार असायलाच हवा असं नाही, घरच्यांनी केला तरी चालतो. आणि केंद्राच्या टेबलापाशी विचारायचा प्रश्न थोडा बदलावा. तो बरा होऊन कधी येईल, हे विचारण्याऐवजी तो येईल तेव्हा आम्ही काय करायचं, हे विचारावं. याचं उत्तर द्यायला केंद्र घरच्यांसोबत तासभर बसलं, तर उपचाराची सुरुवात चांगली झाली असं समजावं.